घरची विद्या आणि परका परीक्षक

पंडिता रमाबाई १८७८ साली कलकत्त्याला पोहोचल्या, तेव्हा त्यांच्याजवळ कोणत्याही शाळेचा दाखला नव्हता. अनंतशास्त्री डोंगरे आणि लक्ष्मीबाई या आईवडिलांनी तीर्थयात्रेच्या वाटेवर शिकवलेले संस्कृत एवढीच त्यांची पुंजी. ते दोघेही चार वर्षांपूर्वी दुष्काळाच्या दिवसांत गेले होते. कलकत्त्याच्या विद्वानांनी या विशीतल्या मुलीला प्रश्न विचारले, तिची उत्तरे ऐकली आणि ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या उपाध्या तिला दिल्या. रमाबाईंची विद्या आदल्या दिवशीही तेवढीच होती. विद्वानांच्या सभेने तिच्यात काही भर घातली नाही. मात्र ज्यांचा त्यांच्याशी काही संबंध नव्हता अशा माणसांनी ती विद्या पारखली आणि पारखल्याचे जाहीर केले, म्हणून रमाबाईंचा शब्द पुढे चार ठिकाणी ऐकला गेला. घरी मिळवलेली विद्या आणि परक्याने घेतलेली परीक्षा यांचा एकमेकींशी संबंध कसा असावा, हा प्रश्न तेव्हापासून सुटलेला नाही. मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणाऱ्या मराठी कुटुंबांपुढे आज तो रोकड्या स्वरूपात उभा राहतो: मूल तेरा-चौदा वर्षांचे झाले, आता दहावीचे काय?

अशी कुटुंबे संख्येने थोडी आहेत, पण आता ती एकेकटी राहिलेली नाहीत. ‘स्वशिक्षण’ या नावाने त्यांची देशपातळीवर संघटनाही आहे. त्यांच्यात दहावीच्या प्रश्नाला दोन टोकांची उत्तरे मिळतात. एक म्हणजे परीक्षा नकोच. ज्या व्यवस्थेतून मुलाला बाहेर काढले तिच्याच शिक्क्यासाठी रांगेत का उभे राहायचे? दुसरे म्हणजे चौदाव्या वर्षी अचानक धास्ती घेऊन मुलाला सकाळ-संध्याकाळच्या क्लासला घालायचे आणि आठ वर्षे जे कटाक्षाने टाळले ते आठ महिन्यांत भरून काढायचे. दोन्ही उत्तरांत मुलाचे नुकसान आहे असे माझे मत आहे. परीक्षा द्यायला हवी. मात्र तिची तयारी म्हणजे आठ इयत्तांचा राहिलेला अभ्यासक्रम उरकणे, ही समजूत चुकीची आहे. घरी शिकलेल्या मुलाकडे बहुधा माहितीची उणीव नसते. त्याला एका गोष्टीची सवय नसते: जो आपल्याला ओळखत नाही, आपल्या उत्तरासाठी ज्याच्याजवळ दोन-तीन मिनिटे आहेत आणि ज्याला आपण पुन्हा काही समजावून सांगू शकणार नाही, अशा माणसासाठी लिहिण्याची. तयारीचा सगळा भर त्या सवयीवर असायला हवा. ती लागायला दोनेक वर्षे पुरतात, आणि तिच्यासाठी घराचा कोचिंग क्लास करावा लागत नाही.

एका प्रश्नापाशी जरा थांबून हे पाहू. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानात प्रकाशाच्या अपवर्तनाचे प्रकरण आहे. तारे लुकलुकतात पण ग्रह लुकलुकत नाहीत, याचे शास्त्रीय कारण लिहा, हा त्यावरचा नेहमीचा प्रश्न. घरी शिकणारे एखादे मूल आकाशदर्शनाच्या रात्रींना गेलेले असते, दुर्बिणीतून त्याने गुरूचे चंद्र पाहिलेले असतात, आणि या विषयावर ते अर्धा तास थकल्याशिवाय बोलेल. कागदावर मात्र ते ध्रुवताऱ्यापासून सुरुवात करते, मग दुर्बिणीकडे वळते, मग शनीच्या कड्यांकडे. पान भरते, आणि परीक्षक जे शोधत असतो ते त्यात सापडत नाही. त्याला हवे असते ते असे: वातावरणातील हवा सतत हलत असते, तिची घनता आणि तापमान बदलते, म्हणून अपवर्तनांकही बदलत राहतो, तारे फार दूर असल्याने बिंदुस्रोतासारखे भासतात, त्यामुळे त्यांची तेजस्विता आणि स्थान क्षणोक्षणी बदलताना दिसते, ग्रह जवळ असल्याने ते अनेक बिंदुस्रोतांचा समूह ठरतात, एका बिंदूचे तेज कमी होते तेव्हा दुसऱ्याचे वाढलेले असते आणि सरासरी स्थिर राहते. तीन वाक्ये. मुलाला यातले एकही वाक्य परके नसते. पण आपल्याला जे जे माहीत आहे त्यातले नेमके कोणते इथे मागितले आहे, हे ओळखून बाकीचे बाजूला ठेवणे त्याने कधी केलेले नसते. घरी त्याची गरजच पडली नाही. आई विचारायची, तो सांगायचा, अडला की ती पुढचा प्रश्न विचारायची आणि राहिलेले त्याच्या तोंडून काढून घ्यायची. प्रश्नपत्रिका तसा पुढचा प्रश्न विचारत नाही.

भूमितीत ही अडचण आणखी ठळक दिसते. झाडाची उंची सावलीवरून मोजलेल्या मुलाला समरूप त्रिकोण हातांनी कळलेले असतात. परीक्षा मात्र पक्ष, साध्य, सिद्धता या क्रमाने लेखन मागते आणि प्रत्येक पायरीसमोर कंसात कारण मागते. कोन समान आहेत, कारण ते संगत कोन आहेत. त्रिकोण समरूप आहेत, कारण को-को कसोटी. काही पालकांना हा निव्वळ कर्मकांडाचा भाग वाटतो. मला तसे वाटत नाही. आपल्याला जे उघड दिसते ते न पाहणाऱ्या माणसाला पायरीपायरीने पटवून देणे हीच तर सिद्धता, आणि गणिताचा प्राण तिच्यातच आहे. सावली मोजणारा मुलगा अर्धी वाट चालून आलेला असतो. उरलेली अर्धी वाट लिहिण्याची आहे. मराठीचेही तेच. कुमारभारतीची प्रश्नपत्रिका आता कृतिपत्रिका झाली आहे. तिच्यात उताऱ्यावरचे आकृतिबंध पूर्ण करायचे असतात, कवितेचे रसग्रहण असते, स्वमत मांडायचे असते, आणि ऐंशीपैकी चोवीस गुण पत्र, सारांश, जाहिरात, बातमी, कथा, निबंध अशा उपयोजित लेखनाला असतात. भरपूर वाचणाऱ्या मुलाला यात अवघड काही नाही. तरीही आकृतिबंधाच्या चौकटी प्रथम पाहिल्यावर ते गांगरते, कारण वाचलेल्या मजकुराचे असे तुकडे करायला त्याला कोणी सांगितलेले नसते. वेळेचे गणितही त्याला नवे असते. विज्ञान किंवा गणिताच्या एका भागाला चाळीस गुणांसाठी दोन तास, म्हणजे गुणामागे तीन मिनिटे. भाषेला ऐंशी गुणांसाठी तीन तास, म्हणजे गुणामागे सव्वादोन. घरच्या शिकण्याला घड्याळ नसते, आणि ते नसणे ही त्याची मोठी श्रीमंती आहे. पण तीन तास सलग लिहिण्याची ताकद बोटांत आपोआप येत नाही.

परीक्षा ही शिकण्याच्या विरुद्ध बाजूला उभी असते, हे गृहीतकही तपासून घ्यायला हवे. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे उपयोगी आहे. त्यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो मिटून जे आठवते ते कागदावर लिहिले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे थोडे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र उलटे झाले: पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवले, आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. म्हणजे स्वतःला कोऱ्या कागदासमोर बसवून आठवायला लावणे हे केवळ मोजमाप नाही, ते स्वतःच एक शिकणे आहे. परीक्षेचा जाच तिच्या भीतीत, क्रमवारीत आणि एका दिवसावर टांगलेल्या भवितव्यात आहे. पुस्तक मिटून लिहिणे त्यापासून वेगळे काढता येते, आणि घरशाळेइतकी ते वेगळे काढण्याची सोय दुसरीकडे कुठेच नाही. तिथे ना पहिला नंबर असतो, ना नापासाचा शेरा.

घरी शिकलेली मुले शाळेतल्या मुलांपेक्षा सरसच असतात, असे सांगताना अमेरिकेतल्या आकड्यांचा फार आधार घेतला जातो. तिथे सावध राहिलेले बरे. १९९९ साली लॉरेन्स रडनर यांनी वीस हजारांहून अधिक मुलांचे गुण तपासले, तेव्हा ते सरासरीच्या खूप वर निघाले; पण त्या चाचणीला आपणहून पुढे आलेल्याच कुटुंबांचे ते गुण होते, आणि शाळांशी तुलना करू नका असे खुद्द रडनर यांनीच बजावले होते. कॅनडातला २०११ सालचा एक अभ्यास आकाराने अगदी लहान असला तरी मला अधिक बोलका वाटतो. सँड्रा मार्टिन-चँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच ते दहा वर्षांची घरी शिकणारी ३७ आणि शाळेत जाणारी ३७ मुले घेतली. घरी शिकणाऱ्यांचे दोन गट पडले. ज्या २५ मुलांच्या शिकण्याला काही आखणी होती ती शाळेतल्या मुलांच्या पुढे होती. ज्या १२ मुलांना पूर्ण मोकळे सोडले होते ती बहुतेक चाचण्यांत मागे होती. बारा मुलांवरून सिद्धान्त मांडता येत नाही, आणि सातव्या वर्षी मागे असलेले मूल चौदाव्या वर्षी मागेच असेल असेही नाही. तरीही एवढे म्हणता येते की ‘घरी’ आणि ‘शाळेत’ यापेक्षा ‘आखून’ आणि ‘न आखता’ हा फरक जास्त महत्त्वाचा असू शकतो. अगदी मोकळ्या रीतीने शिकलेल्या मुलाला परीक्षेआधी थोडी आखणी लागणारच. ती कधी सुरू करायची एवढाच प्रश्न उरतो.

माझ्या मते तेराव्या वर्षाच्या आसपास, आणि वाटेची निवड करण्यापासून. वाटा चार आहेत. शिक्षणहक्क कायद्यानुसार चौदा वर्षांपर्यंतच्या, कधीच शाळेत न गेलेल्या मुलालाही त्याच्या वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळायला हवा. त्यामुळे आठवीत शाळेत जाऊन रीतसर दहावी करता येते. मुलाला स्वतःला वर्ग आणि मित्र हवे असतील तर ही वाट उत्तम. दुसरी वाट आपल्या राज्य मंडळाची, खासगी उमेदवार म्हणून १७ नंबरचा फॉर्म भरण्याची. बाहेरून मॅट्रिक करण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे; शिक्षण सुटलेल्या कितीतरी स्त्रिया आणि कामगार याच वाटेने पुढे गेले. इथे पुस्तके बालभारतीची, संकेतस्थळावर फुकट उपलब्ध असलेली, आणि परीक्षा मराठीतून. पण हा फॉर्म शाळा सुटलेल्यांसाठी आखलेला आहे, शाळेत न गेलेल्यांसाठी नाही. किमान पाचवी उत्तीर्ण असल्याचा पुरावा आणि शाळा सोडल्याचा दाखला तो मागतो. मूल दोन-चार इयत्ता शिकून बाहेर पडले असेल तर दाखला हाती असतो. पहिल्यापासून घरीच असेल तर गाडी तिथेच अडते. राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाने पाचवी आणि आठवीच्या पातळीवरच्या परीक्षा ठेवल्या आहेत, त्या अशा मुलांना पायरी म्हणून उपयोगी पडू शकतात. फॉर्म परीक्षेच्या आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात भरायचा असतो, हे अनेकांना दिवाळीनंतर कळते आणि वर्ष हातचे जाते. तिसरी वाट केंब्रिजच्या आयजीसीएसईची. तिथेही खासगी उमेदवार घेतात, विज्ञानात प्रयोगशाळेऐवजी प्रयोगांवर आधारित लेखी पेपरची सोय आहे, पण दर विषयाला शुल्क भरताना मध्यमवर्गीय घराची दमछाक होते आणि सगळे इंग्रजीतून. सीबीएसई आणि आयसीएसईची दारे घरी शिकणाऱ्या मुलाला जवळपास बंदच आहेत. तिथे शाळेच्या पटावर नाव लागते.

चौथी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची, आणि बहुतेक घरशाळा शेवटी तिथेच येतात. १९८९ साली राष्ट्रीय मुक्त विद्यालय म्हणून ती सुरू झाली. वयाची चौदा वर्षे पूर्ण झाली की माध्यमिकला नाव नोंदवता येते, आणि मराठी माध्यमही आहे. किमान पाच विषय, त्यात निदान एक भाषा. नोंदणी पाच वर्षे टिकते आणि त्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. एकदा उत्तीर्ण झालेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही. वर्षातून दोनदा सार्वजनिक परीक्षा होतात, शिवाय मागणीनुसार परीक्षेची सोय आहे. वीस टक्के गुण घरून लिहून द्यायच्या स्वाध्यायांना असतात. ही रचना वाचताना घरी शिकणाऱ्या मुलाचाच विचार करून कोणी तिची आखणी केली असावी असे वाटते. आवडीचा एक विषय आधी द्यावा, परीक्षागृह म्हणजे काय ते कळावे, मग उरलेल्यांकडे वळावे. एका मार्चवर सगळे पणाला लावण्याची सक्ती नाही. इथला धोका एकच, आणि तो विषय निवडताना असतो. गणित सक्तीचे नाही, म्हणून ते वगळण्याचा मोह होतो. चौदाव्या वर्षी नकोसे झालेले गणित सतराव्या वर्षी हवेसे वाटू शकते, आणि तोवर विज्ञान शाखेची व तंत्रशिक्षणाची बरीच दारे मिटलेली असतात. मूल अगदी ठाम असले तरी गणित आणि विज्ञान हे दोन्ही विषय घ्यावेत, गरज पडल्यास ते शेवटच्या संधीपर्यंत लांबवावेत, पण सोडू नयेत. इथे पालकांनी मुलाच्या मर्जीपेक्षा थोडे पुढचे पाहायलाच हवे.

वाट ठरली की मुख्य काम सुरू होते ते परका परीक्षक शोधण्याचे. आपल्या मुलाचा पेपर आपण तपासू नये. आईला त्याचे अर्धे वाक्य पुरते. जे लिहिलेले नाही तेही ती वाचते आणि नकळत त्याचे गुण देते. ओळखीतली दोन-तीन कुटुंबे एकत्र आली तर मुलांच्या उत्तरपत्रिका नावाऐवजी क्रमांक घालून अदलाबदल करून तपासता येतात. एखाद्या निवृत्त शिक्षकाने महिन्यातून एकदा तपासल्या तर सोन्याहून पिवळे. मंडळाचे पेपर तपासलेल्या माणसाला गुण कुठे जातात ते नेमके ठाऊक असते. पहिली जुनी प्रश्नपत्रिका वेळेच्या बंधनाशिवाय सोडवावी, म्हणजे काय येत नाही आणि काय येते पण लिहिता येत नाही, हे दोन ढीग वेगळे होतात. पहिला ढीग भीतीपेक्षा बराच लहान निघतो. दुसऱ्या ढिगासाठी ‘कारणे द्या’, ‘फरक स्पष्ट करा’, ‘टीप लिहा’ या तीन मागण्यांत उत्तराची घडण कशी बदलते हे मुलाला उदाहरणांनी दाखवावे लागते. फरक स्पष्ट करताना समोरासमोरच्या मुद्द्यांची जोडी जुळायला हवी, ही साधी गोष्ट कोणी सांगितल्याशिवाय सुचत नाही. घड्याळ शेवटच्या सहा-आठ महिन्यांत आणावे, आधी नाही.

महाराष्ट्रात परक्या परीक्षकाची सवय लावणारी आणखी एक जुनी सोय आहे, तिच्याकडे पुरेसे लक्ष जात नाही. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका या संगीत परीक्षा, महाराष्ट्र राष्ट्रभाषा सभेच्या हिंदीच्या परीक्षा, या गावोगावच्या केंद्रांवर वर्षानुवर्षे होत आल्या आहेत. दहा वर्षांची मुलगी तानपुऱ्याशी बसते, समोर बाहेरगावाहून आलेले परीक्षक असतात, ते राग विचारतात, तालाची दुगुन हातावर म्हणायला लावतात. चुकले तर फार काही बिघडत नाही. प्रवेशपत्र, बैठक क्रमांक, वेळेआधी पोहोचणे, नाव पुकारण्याची वाट पाहणे, या सगळ्याची ओळख अशा ठिकाणी होते. दहावीच्या आधी अशा दोन-तीन परीक्षा झालेल्या मुलाला परीक्षागृहातला पर्यवेक्षक शत्रू वाटत नाही.

आता आक्षेपांकडे. सर्वांत गंभीर आक्षेप असा की परीक्षा आली की तिची सावली मागे पसरत जाते. तेराव्या वर्षीची तयारी दहाव्या वर्षी येते आणि घराची हळूहळू शाळा होते. हा धोका खरा आहे, आणि शिक्षणहक्क कायद्याचे कलम ३० इथे पालकांच्या बाजूचे आहे: प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला मंडळाची परीक्षा उत्तीर्ण होण्याची सक्ती करता येत नाही. म्हणूनच मी दोन वर्षांची मर्यादा सुचवतो आणि ती वरच्या बाजूनेही पाळावी असे म्हणतो. आधीची आठ वर्षे परीक्षेविना जाऊ देण्यानेच पुढची दोन वर्षे सोपी जातात, कारण त्या मुलाला आपणहून पुस्तक उघडण्याची सवय असते. ती सवय मोडेल इतकी तयारी करू नये. दिवसाचे तीन-चार तास पुरतात. उरलेला दिवस त्याचा पूर्वीचाच राहावा, त्याची सुतारकाम, पोहणे, चित्रे, पक्षी ही कामे चालूच राहावीत. दहावीच्या वर्षी सगळे बंद, ही पद्धत शाळेतल्या मुलांच्याही भल्याची नाही.

दुसरा आक्षेप परीक्षेशिवाय पुढे गेलेल्यांची उदाहरणे देतो. त्यात मुंबईच्या एका मुलीचे उदाहरण सर्वांच्या तोंडी असते. सातवीनंतर शाळा सोडून घरी शिकलेल्या या मुलीने संगणकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये तीन पदके मिळवली आणि २०१६ साली दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांशिवाय तिला अमेरिकेच्या एमआयटीत प्रवेश मिळाला. ही मोठी कौतुकाची गोष्ट आहे, पण तिची दुसरी बाजूही वाचायला हवी. तिच्याकडे बारावीचे प्रमाणपत्र नव्हते म्हणून आयआयटीचे दार तिला बंद होते. आणि तिची पारख झाली नाही असेही नाही; ऑलिम्पियाड ही दहावीपेक्षा कितीतरी कठीण, परक्यांनीच घेतलेली परीक्षा आहे. ज्याच्याजवळ पदके नाहीत त्या मुलाला मात्र दहावीचाच आधार असतो. पालकांच्या तत्त्वासाठी तो काढून घेणे किती महागात पडते, याचा दाखला गांधीजींच्या घरात आहे. दक्षिण आफ्रिकेत त्यांनी मुलांना शाळेत घातले नाही. ऑफिसला पायी जाता-येता त्यांना शिकवले. थोरला मुलगा हरिलाल १९११ मध्ये आफ्रिका सोडून हिंदुस्थानात परतला, मॅट्रिकसाठी अहमदाबादच्या शाळेत विशीनंतर बसला आणि अपयशी ठरला. मुलांना रोज नियमाने तासभर देऊ शकलो नाही याची खंत गांधीजींनी आत्मकथेत नोंदवली आहे, आणि मुलांची तक्रारही. हरिलालच्या आयुष्याची परवड केवळ मॅट्रिकमुळे झाली असे कोणी म्हणू नये. पण ज्या वयात ती परीक्षा सहज देता आली असती त्या वयात तिचा निर्णय त्याच्या हाती नव्हता, हे खरे. शाळा नाकारण्याचा निर्णय आईवडिलांचा असतो. परीक्षेचा निर्णय मुलाचा आहे, आणि तो त्याला घेता यावा एवढी तयारी त्याच्याकडून करून घेणे हे त्यांचे देणे आहे.

एनआयओएसचे प्रमाणपत्र दुय्यम समजले जाते, हा तिसरा आक्षेप. समजूत आहे, पण ती जुनी होत चालली आहे. ज्या नियमाने मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्यांना वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेपासून दूर ठेवले होते, तो दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली रद्द केला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही मुक्त शाळांचा विस्तार करण्याचे म्हटले आहे. एखाद्या महाविद्यालयाच्या खिडकीवरचा कारकून अजूनही शाळेचा दाखला मागेल. त्याला संस्थेचे स्थलांतर प्रमाणपत्र दाखवायचे आणि शांतपणे उभे राहायचे, एवढी तयारी पालकांनी ठेवावी.

घरशाळा ही सुखवस्तू घरांची चैन आहे, हा आक्षेप मला सर्वांत जास्त बोचतो, कारण त्यात तथ्य आहे. एका पालकाला घरी थांबता येणे ही आपल्याकडे बहुसंख्य घरांना न परवडणारी गोष्ट आहे. परंतु परीक्षेच्या तयारीपुरते बोलायचे तर पुस्तके फुकट आहेत, प्रश्नपत्रिका मिळतात, एनआयओएसचे पाठ संकेतस्थळावर आहेत. जे मिळत नाही ते उत्तर तपासणारे माणूस. शाळा सुटलेल्या ऊसतोड कामगाराच्या मुलीला आणि पुण्यातल्या घरशाळेतल्या मुलाला १७ नंबरचा तोच फॉर्म भरावा लागतो आणि दोघांची उणीवही तीच असते. घरशाळांच्या गटांनी आपल्या तपासणीच्या फेऱ्यांत रात्रशाळेतल्या आणि शाळाबाह्य मुलांच्या उत्तरपत्रिका घेतल्या तर या चळवळीला तिच्या आजच्या वर्गमर्यादेबाहेर पाऊल टाकता येईल.

काही मुले घरी येण्याचे कारणच मुळात शाळेने त्यांना सामावून घेतले नाही हे असते. वाचन-लेखनाची अक्षमता असलेले मूल घरी फुलते, तोंडी उत्तम सांगते, आणि लेखी परीक्षेचे नाव निघाले की पालक परत त्या जुन्या भीतीत जातात. अशा मुलांना तासामागे वीस मिनिटे जादा वेळ, लेखनिक अशा सवलती आहेत. त्यांच्यासाठी लागणारे प्रमाणपत्र ठरावीक शासकीय रुग्णालयांतूनच मिळते आणि तपासण्यांना महिने लागतात. शाळेत असते तर शिक्षकांनी आठवण करून दिली असती. घरी ती करून देणारे कोणी नसते. लेखनिकाला सांगून लिहून घेणे हेसुद्धा शिकावे लागते: विरामचिन्हांसकट बोलणे, आकृती शब्दांत सांगणे, सांगितलेले पुन्हा वाचून घेणे. तेही परक्या माणसाबरोबर, म्हणून तयारी त्या मुलासाठी सहा महिने आधी सुरू व्हायला हवी.

राज्य मंडळाकडून दोन गोष्टी सहज होण्यासारख्या आहेत. जे मूल कधी शाळेत गेलेच नाही त्याने शाळा सोडल्याच्या दाखल्याऐवजी काय जोडावे, हे १७ नंबरच्या फॉर्मच्या सूचनांमध्ये स्पष्ट छापावे: जन्मदाखला, पालकांचे प्रतिज्ञापत्र आणि मुक्त विद्यालय मंडळाच्या पाचवीचे प्रमाणपत्र यांवर काम भागायला हरकत नसावी. दुसरी गोष्ट प्रात्यक्षिकांची. खासगी उमेदवाराला संपर्क केंद्र म्हणून जी शाळा मिळते, तिथेच त्याची तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा होते, आणि पुष्कळदा त्या शाळेच्या प्रयोगशाळेत तो त्या दिवशी पहिल्यांदाच पाय ठेवतो. दिवाळीच्या सुटीनंतरच्या चार शनिवारी संपर्क केंद्रांनी या मुलांसाठी प्रयोगशाळा उघडली, तर भिंगाचे नाभीय अंतर कसे मोजायचे, हे त्यांना उपकरण हातात घेऊन करता येईल. शाळांकडे उपकरणे आहेत, भिंगे आहेत, बहुतेक ठिकाणी शनिवारी दुपारी कुलूपबंद असलेली खोलीही आहे.